सातवं कलम काढा

न्यू जर्सी आणि आसपास मराठी लग्नांची कामं घेणाऱ्या माझ्या सोबत्यांनो,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपण एडिसनला जमलो, तेव्हा चहाबरोबर एक कागद हातात आला. 'सामाईक करारनामा', कलमं आठ. मांडववाले, फुलवाले, मेंदीवाल्या, फोटोवाले, गुरुजी आणि आम्ही स्वयंपाकवाले, सगळ्यांनी एकाच कराराने काम करायचं ही कल्पना चांगलीच आहे. पाहुण्यांचा आकडा दहा दिवस आधी पक्का करायचा, या कलमाला तर मी टाळी दिली. ऐनवेळी दोनशेचे अडीचशे करणाऱ्या यजमानांनी माझे निम्मे केस पांढरे केलेत.

सातवं कलम मात्र मी तीनदा वाचलं. आमच्या धर्मश्रद्धेत न बसणारी कार्यं, उदाहरणार्थ दोन पुरुषांचा किंवा दोन स्त्रियांचा विवाह, स्वीकारायला आम्ही बांधील नाही. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २०२३ साली व्यावसायिकांना हा हक्क दिलेला आहे. खाली सह्यांच्या रेघा. मी 'वाचून सांगते' म्हणत कागद पर्समध्ये टाकला. आता सांगते, आणि उघडपणे सांगते, कारण हा करार ज्या यजमानांपुढे ठेवायचाय त्यांच्याही कानावर हे गेलेलं बरं.

आधी माझा गुन्हा कबूल करते.

चार वर्षांपूर्वी मार्चमध्ये एका गृहस्थांचा फोन आला. आवाज साठीच्या पुढचा, बोलणं पुण्याचं. मुलीचं लग्न, ऑक्टोबरात, माणसं एकशे ऐंशी. मसालेभात, अळूची भाजी, काकडीची कोशिंबीर, सुरळीच्या वड्या, जिलबी, मठ्ठा. 'जिलबी तुमच्याच हातची हवी, आमच्या भाचीच्या लग्नात खाल्ली होती.' मी वहीत उतरवून घेत होते. बोलता बोलता विचारलं, 'जावईबापू कुठले?' पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाले, 'वहिनी, जावई नाही. तीसुद्धा मुलगीच आहे. कनेटिकटची.'

मी म्हटलं, 'एक मिनिट हं, डायरी बघते.' डायरी पुढ्यात उघडीच होती आणि तो शनिवार कोरा होता. तरी मी दोन पानं मुद्दाम फडफडवली, त्यांना फोनवर ऐकू जावीत म्हणून, आणि सांगितलं, 'अगंबाई, त्या दिवशी दुसरं काम घेतलंय हो.' 'बरं बरं,' ते म्हणाले, 'राहू दे वहिनी.'

महिन्याभराने वाणसामानाच्या दुकानात, कढीपत्त्याच्या टोपलीपाशी, एक गृहस्थ समोर आले. मंडळाच्या गणपतीत मला पाहिलेलं असणार. नाव सांगितलं तशी माझ्या पोटात गोळा आला. ते हसून म्हणाले, 'त्या दिवशीचं तुमचं काम पक्कं झालं ना? चांगलं झालं.' मग कढीपत्त्याची एकेक काडी उचलून, काळी पानं काढून टाकत, पिशवीत भरत राहिले. टोमणा होता की खरंच विचारत होते, मला आजही सांगता येणार नाही. माझी ट्रॉली तिथेच सोडून मी बाहेर आले.

मी दत्तसंप्रदायातली. दरवर्षी गुरुचरित्राचं पारायण करते, वाईला माहेरी शिकले तसं प्रसादाचं सोवळ्यात करते. मला या विषयाचं अवघडलेपण नाही असं मी मुळीच म्हणणार नाही. पण त्या दिवशी फोनवर खोटं बोलले ते धर्म राखायला नव्हे. 'लोक काय म्हणतील' या भीतीने, आणि ते लोक म्हणजे तुम्हीच होतात. राग मानू नका.

आता कोर्टाच्या निकालाकडे येते, कारण सातव्या कलमाचा सगळा भार त्याच्यावर टाकलाय. तो निकाल ३० जून २०२३ चा. कोलोरॅडोतली एक वेब डिझायनर, धर्माने ख्रिश्चन. तिला लग्नांच्या वेबसाइट करायच्या होत्या, समलिंगी लग्नांच्या करायच्या नव्हत्या. तोवर तिने लग्नाची एकही साइट केलेली नव्हती. राज्याचा भेदभावविरोधी कायदा आपल्याला लागू होईल या धास्तीने ती आधीच कोर्टात गेली. सहा विरुद्ध तीन मतांनी ती जिंकली. न्यायमूर्ती गॉर्सच यांनी लिहिलेल्या या निकालाचा पाया भाषणस्वातंत्र्याचा आहे, धर्मस्वातंत्र्याचा नाही. तिच्या साइट म्हणजे तिचे स्वतःचे शब्द, तिची स्वतःची अभिव्यक्ती, हे कोलोरॅडो राज्याने खटल्यात आधीच मान्य केलं होतं. गिऱ्हाईक समलिंगी आहे म्हणून काम नाकारणार नाही, हेही तिच्या बाजूने मान्य होतं. सरकार माझ्या तोंडून माझं नसलेलं वाक्य वदवून घेऊ शकत नाही, एवढाच तो मुद्दा.

माझा मसालेभात काय बोलतो? तो फक्त घमघमतो. मांडवाचे खांब, भाड्याच्या खुर्च्या, हॉल, गाडी, वाढपी, यांतलं काहीही 'भाषण' नाही. तेव्हा मंडळी, २०२३ चा निकाल दाखवून आपण स्वयंपाकवाले कुणाला नाही म्हणायला गेलो, तर तो निकाल आपल्या पाठीशी उभा राहील असं धरून चालू नका. फोटोवाले भाऊ, तुमची गोष्ट थोडी वेगळी आहे. छायाचित्रण ही अभिव्यक्ती मानायची का, यावर न्यायालयांत वाद चालू आहे; न्यू मेक्सिकोत २०१३ साली छायाचित्रकार हरली होती, आता वारं बदलू शकतं. तुम्ही तुमच्या वकिलाला विचारा. पण तुमच्या एकट्याच्या शक्यतेवर आम्हा सगळ्यांच्या सह्या घेऊ नका.

आपल्या राज्याचा भेदभावविरोधी कायदा १९४५ चा आहे, आणि त्यात लैंगिक कल १९९२ पासून आहे. नुसत्या दुकानाच्या दारापुरता तो नाही. अशा कारणावरून करार नाकारणंही त्यात येतं. अमुक लोकांना सेवा मिळणार नाही असं छापून वाटणंही येतं. म्हणजे सातवं कलम नुसतं कागदावर असलं, एकही लग्न नाकारलं नाही, तरी आपण अडकलो. पहिल्या खेपेला दंड दहा हजार डॉलरपर्यंत. एवढ्या पैशांत माझा मोठा ग्राइंडर आणि दोन कढया येतात.

आणि हे आपल्या अंगणात घडलेलं आहे. एडिसनहून तासाभराच्या आत, समुद्रकाठी ओशन ग्रोव्ह. तिथली जमीन मेथडिस्ट पंथाच्या संस्थेची. लाकडी फळ्यांच्या रस्त्याला लागून त्यांचा मंडप आहे, तो लग्नाकार्याला भाड्याने द्यायचे. २००७ मध्ये दोन स्त्रियांनी मागितला, संस्थेने नाकारला. २०१२ साली न्यायाधीशांनी निकाल दिला, की मंडप सगळ्यांना उघडा ठेवलात, त्यावर करसवलतही घेतलीत, आता या दोघींनाच बंद करता येणार नाही. साक्षात धर्मसंस्थेचा मंडप आणि तरी असा निकाल. आपण तर पडलो व्यापारी.

गुरुजी, हे वाचताना तुमच्या कपाळावर आठी आली असेल. तुम्ही निर्धास्त असा. धर्मगुरूला कुठलंही लग्न लावायची सक्ती या देशात होऊ शकत नाही. तुम्हाला पटत नसेल तर नाही म्हणा, स्पष्ट म्हणा. तुमचा मंत्र आणि माझा मठ्ठा यांत कायदा फरक करतो, आणि मला वाटतं बरोबरच करतो.

कोलोरॅडोच्या बेकरीचा दाखला बैठकीत दोघांनी दिला, 'तो केकवाला जिंकलाच की!' जिंकला, पण कशावर? २०१२ च्या जुलैमध्ये लेकवुडच्या मास्टरपीस केकशॉपमध्ये दोन तरुण स्वतःच्या लग्नाचा केक ठरवायला गेले. मालक म्हणाला, वाढदिवसाचा केक देईन, बिस्किटं देईन, लग्नाचा नाही. २०१८ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टात सात विरुद्ध दोन मतांनी तो जिंकला, कारण राज्याच्या आयोगातले लोक सुनावणीत त्याच्या धर्माबद्दल तुच्छतेने बोलले होते. त्याचं ऐकून तरी नीट घ्यायला हवं होतं, असं न्यायमूर्ती केनेडींनी लिहिलं, आणि ते मला पटतं. पण नकार देण्याचा हक्क व्यावसायिकांना आहे का, हा प्रश्न त्या निकालाने तसाच पुढे ढकलला. मला त्या खटल्यातली वेगळीच गोष्ट डाचते. दोघांपैकी एकाची आई त्यांच्याबरोबर दुकानात गेली होती. दुसऱ्या दिवशी तिने बेकरीत फोन करून विचारलं, का नाही म्हणालात? वाचलं आणि मला कढीपत्त्याची टोपली आठवली. त्या मुलीच्या वडिलांनी मला तेवढंही विचारलं नाही.

श्रद्धाळू माणसाची थट्टा मला सहन होत नाही, हेही सांगून ठेवते. वॉशिंग्टन राज्यातल्या एका फुलवालीने नऊ-एक वर्षांच्या जुन्या गिऱ्हाइकाला त्याच्या लग्नाची फुलं द्यायला नाही म्हटलं, तेव्हा तिने त्याचा हात हातात घेऊन सांगितलं, की येशूशी माझं जे नातं आहे त्यामुळे मला हे जमणार नाही. मी डायरीची पानं फडफडवली. ती निदान खरं बोलली. २०१३ ची ती गोष्ट मिटायला २०२१ उजाडलं, तिने त्याला पाच हजार डॉलर दिले. त्या बाईला मी दुष्ट म्हणणार नाही. पण फुलं तिने दुकानात सगळ्यांसाठीच मांडली होती, हे मी कुठे ठेवू?

म्हणजे काही नाकारायचंच नाही का? नाकारते की. माझ्या स्वयंपाकघरात अंडं येत नाही, मटण येत नाही. कोल्हापूरचे आमदार आले तरी तांबडा रस्सा मिळणार नाही. ते कुणालाच मिळत नाही, म्हणून त्यावर कोणी तक्रार करू शकत नाही. केकवर लिहायच्या मजकुराचंही तसंच. बेलफास्टला अॅशर्स नावाच्या बेकरीकडे २०१४ साली एकाने केक सांगितला, साडेछत्तीस पौंडांचा, त्यावर समलिंगी विवाहाला पाठिंबा द्या असं लिहून हवं होतं. मालक श्रद्धाळू ख्रिश्चन, त्यांनी पैसे परत केले. २०१८ मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने एकमताने बेकरीच्या बाजूने निकाल दिला. आक्षेप त्या वाक्याला होता, माणसाला नव्हता. तेच वाक्य कुणीही मागितलं असतं तरी त्यांनी लिहिलं नसतं. मीही जिलबीच्या ताटावर कुठल्या पक्षाची घोषणा लिहून देणार नाही. पण जिलबी तीच, कढई तीच, पाक तोच, आणि समोरचा कोण हे बघून डायरीची पानं उलटायची, याला मी आता श्रद्धा म्हणत नाही.

बैठकीत एक दादा म्हणाले, 'हे अमेरिकन लोकांचे वाद, आपला काय संबंध?' दादा, संबंध फार जुना आहे. 'दुकान' म्हणजे काय, हा प्रश्न आपल्याकडे कुणी सोडवला? २९ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत, आज जे कलम १५ आहे त्याच्या मसुद्यावर चर्चा चालली होती. दुकानं, खानावळी, हॉटेलं, विहिरी, तलाव यांत कुणाला मज्जाव करता येणार नाही, असं ते कलम. 'दुकान' या शब्दात काय काय धरायचं, असा मुद्दा निघाला. बाबासाहेबांनी सांगितलं, की दुकान म्हणजे नुसतं आत पाऊल टाकू देणं नव्हे. अटी मान्य असतील तर सेवा मागण्याचा हक्क त्यात येतो. ज्या माणसाला चवदार तळ्याच्या ओंजळभर पाण्यासाठी महाडात १९२७ साली उभं राहावं लागलं, त्याला उंबरठ्याच्या आत घेऊनही उपाशी ठेवता येतं हे शिकवायला नको होतं. भारताचं संविधान न्यू जर्सीत चालत नाही, आणि त्या कलमात समलिंगी हा शब्दही नाही, ठाऊक आहे मला. भारतात तर असं लग्नच कायद्याने होत नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात तिथल्या सुप्रीम कोर्टाने तो प्रश्न संसदेवर सोडला. पण दुकान मांडून बसलेल्यावर काय बांधतं, हे आपल्याला परक्यांनी शिकवायची गरज नाही, इतकंच म्हणते.

'त्यांची आणि अस्पृश्यतेची तुलना नको,' हेही कुणीतरी म्हणेल. नको तर नको. नुसता युक्तिवाद बघा. दक्षिण कॅरोलायनात पिगी पार्क नावाची खाणावळींची साखळी होती. काळ्या माणसांना बसवून वाढणं माझ्या धर्मात बसत नाही, असं मालकाने कोर्टात सांगितलं. १९६८ साली सुप्रीम कोर्टाने ते एका तळटीपेत उडवून लावलं. तो मालकही स्वतःला धार्मिकच समजत होता, आणि आमच्याच धंद्यातला, खाऊ घालणारा.

आता जे मला सगळ्यात जास्त खुपतंय ते. मी १९९६ ला इथे आले. त्याआधी, १९८७ च्या सुमाराला जर्सी सिटीत आपल्या बायकांच्या टिकलीवरून नाव घेतलेली टोळी होती, डॉटबस्टर्स. आपल्यातल्या जुन्या काकू सांगतात, बसला उभं राहण्याआधी कुंकू पुसायचो. पुढे मी घर भाड्याने बघत फिरले तेव्हा एका घरमालकाने स्वयंपाकाच्या वासाचं कारण सांगून चावी परत खिशात टाकली. या राज्यातला जो कायदा मला त्या माणसाविरुद्ध उभं राहू देतो, त्याच कायद्यात एका ओळीत 'धर्म' आहे आणि दुसऱ्या ओळीत हे समलिंगी लोक आहेत. तुम्हाला वाटतं तुम्ही फक्त दुसरी ओळ खोडताय. उद्या एखादा हॉलवाला म्हणाला, मूर्तिपूजा माझ्या धर्मात पाप आहे, गौरीहर माझ्या छताखाली मांडू देणार नाही, तर त्याला आपण काय दाखवणार? सातवं कलम? होम पेटवायला परवानगी देणारा हॉल शोधताना आताच आपल्या तोंडाला फेस येतो. इथे बहुमत आपल्या श्रद्धेचं नाही, आणि सूट मिळायला लागली की ती ज्यांची संख्या जास्त ते आधी घेतात.

गेल्या जूनमध्ये मी असं एक लग्न केलं. दोन्ही मुली मराठी, एक कोल्हापूरकडची, एक नागपूरकडची. मेन्यूवरूनच आधी तीन आठवडे गेले, गोळाभात हवा की नको यावर. लग्नाच्या दिवशी दोन गौरीहर, दोन मामा, आणि कोणत्या मामाने भाचीला आधी आणायचं यावर गुरुजींनी हात टेकले. शेवटी दोघांना दोन बाजूंनी एकदमच यायला सांगितलं. खरी गंमत पंगतीला. दोघी आया आयुष्यभर वधूमाय व्हायची तयारी करून बसलेल्या. समोरच्यांचा मानपान सांभाळायचा, त्यांची पंगत आधी, आपण हात जोडून उभं राहायचं, हेच दोघींना ठाऊक. वरमाय व्हायला कुणीच तयार नाही. 'आधी तुमची माणसं बसू द्यात.' 'छे छे, आधी तुमची.' वीस मिनिटं माझा मसालेभात निवत होता. वाढणारा पोरगा आत येऊन विचारतो, 'मावशी, वरपक्षाचं टेबल कुठलं?' मी म्हटलं, 'दोन्ही. वाढ आता.'

मंगलाष्टकं झाली तेव्हा मी कढईशी होते. कुणीतरी अक्षता आत आणून माझ्या हातावर ठेवल्या. त्या मी टाकल्या की नाही, हे तुम्हाला सांगणार नाही. तो माझा आणि दत्तगुरूंचा प्रश्न आहे. जिलबी मात्र नेहमीसारखीच झाली होती, आणि पैसे वेळेवर मिळाले, जे आपल्या धंद्यात मंगलाष्टकांपेक्षा दुर्मीळ.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच, की सातवं कलम काढा. बाकी सात कलमांवर मी आज सही करते. ते राहणार असेल तर यादीतून माझं नाव काढा, आणि का काढलं ते यजमानांनी विचारलं तर हे पत्र दाखवा.

शेवटी एक कामाचं. मांडववाले भाऊ, ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी माझ्याकडे एक लग्न आहे, दोनशे दहा माणसं. मांडव तुमचाच हवा असं यजमान म्हणतात. दोघेही मुलगे आहेत, आधीच सांगून ठेवते. हो की नाही ते गुरुवारपर्यंत कळवा. 'तारीख नाही' असं मात्र सांगू नका. परवाच तुम्ही मला म्हणालात, ऑगस्ट रिकामा जातोय.

कळावे,

तुमचीच,
जिलबीवाली वहिनी